स्मृतिभ्रंशाची प्रश्नावली मराठीत आणताना

मानसशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य किंवा सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी दरवर्षी ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीवर प्रबंध करायला घेतं. स्वयंसेवी संस्था गावात तपासणी शिबिरं भरवतात, त्यांनाही ज्येष्ठांना विचारायला काहीतरी हवं असतं. मग इंग्रजीतली एखादी प्रसिद्ध प्रश्नावली शोधली जाते, ओळखीतल्या शिक्षकाकडून तिचं भाषांतर होतं, वृद्धाश्रमात किंवा वस्तीत जाऊन पन्नास-शंभर अर्ज भरले जातात आणि २४ पेक्षा कमी गुण मिळालेल्या प्रत्येकापुढे ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’ असा शेरा पडतो. ज्यांना असं काम हाती घ्यायचं आहे, त्यांनी ते सुरू करण्याआधी वाचावा म्हणून हा लेख लिहीत आहे. कारण तो शेरा कागदावर राहत नाही. तो घरी जातो. आजीच्या हातून पैशांचा व्यवहार काढून घेतला जातो, तिच्या बोलण्याकडे दुर्लक्ष होऊ लागतं, जमिनीच्या वाटणीत तिच्या सहीवर शंका घेतली जाते.

आधी तो २४ चा आकडा कुठून आला ते पाहू. मार्शल फोल्स्टीन, सुझन फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ म्हणजे एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून दहा मिनिटांत उरकणारी ही चाचणी जगभर गेली आणि २३ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे संशयास्पद, असा संकेत तिच्याबरोबर पसरला. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्याच १८,०५६ प्रौढांचे गुण वय आणि शिक्षण यांनुसार मांडले गेले. हे रुग्णालयातले रुग्ण नव्हते, समाजातले सर्वसाधारण लोक होते. नऊ किंवा अधिक वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यांक २९ आला. पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६ आणि चार वर्षांपर्यंतच शाळा पाहिलेल्यांचा २२. म्हणजे कमी शिकलेल्या गटातली निम्म्याहून अधिक माणसं केवळ या रेषेमुळे संशयित ठरली असती. आपल्याकडे साठी-सत्तरी ओलांडलेल्या, विशेषतः खेड्यातल्या बायकांपैकी किती जणींना चौथीपर्यंत तरी शाळा मिळाली, हे ज्याला माहीत आहे त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

प्रश्नावलीची वैधता म्हणतात ती हीच गोष्ट. ही प्रश्नावली जे मोजते असं आपण म्हणतो, तेच ती या माणसांमध्ये, या भाषेत, या कामासाठी मोजते का? एका गटात मिळालेलं उत्तर दुसऱ्या गटाला आपोआप लागू होत नाही. कुणी ‘ही प्रमाणित प्रश्नावली आहे’ असं सांगितलं की लगेच विचारा : कुणावर प्रमाणित झाली, कोणत्या भाषेत, आणि कशाशी ताडून?

बल्लभगडचा धडा

हा प्रश्न आपल्या देशात सर्वांत गंभीरपणे हाताळला गेला तो हरियाणातल्या बल्लभगडमध्ये. १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी तिथल्या खेड्यांत ५५ वर्षांवरच्या ५,१२६ लोकांचा अभ्यास केला. त्यातले सुमारे ७३ टक्के निरक्षर होते. एमएमएसई जशीच्या तशी तिथे चाललीच नसती, म्हणून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिचं हिंदी रूप प्रसिद्ध केलं : हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, एचएमएसई. त्यांनी भाषांतर केलं असं म्हणणं अपुरं ठरेल. प्रत्येक प्रश्न मुळात मेंदूचं कोणतं काम तपासतो हे त्यांनी आधी ठरवलं आणि तेच काम तपासणारा, पण शाळा न पाहिलेल्या माणसाला अनोळखी न वाटणारा प्रश्न शोधला.

मूळ चाचणीत ‘डोळे मिटा’ असं लिहिलेला कागद वाचून तसं करायचं असतं. एचएमएसईमध्ये मुलाखतकार सांगतो, ‘माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसंच करा,’ आणि स्वतः डोळे मिटतो. मूळ चाचणीत एक वाक्य लिहायचं असतं, इथे घराबद्दल काहीतरी एक वाक्य बोलून दाखवायचं. १०० मधून सात-सात वजा करत जाण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. निरर्थक वाटणारा इंग्रजी वाक्प्रचार जसाच्या तसा म्हणून दाखवण्याऐवजी ‘ना हे, ना ते’ अशा अर्थाचे हिंदी शब्द. मराठीत काम करणाऱ्याने एमएमएसईपेक्षा या हिंदी रूपापासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अवघड निर्णय तिथे घेऊन झालेले आहेत आणि आपला ग्रामीण समाज त्या खेड्यांपासून फार लांब नाही. देशभरातल्या ६० वर्षांवरच्या ४,०९६ लोकांची तपासणी करणाऱ्या ‘लासी-डॅड’ या अभ्यासातही एचएमएसईचा समावेश होता. त्याच अभ्यासावरून भारतात साठीनंतरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला.

मराठी करताना कुठे अडतं

हिंदी रूप हातात असलं तरी मराठीत काम उरतंच. तारखेचा प्रश्न घ्या. ‘आज तारीख कोणती?’ याला अनेक आज्या ‘आज दशमी, उद्या एकादशी’ असं उत्तर देतात आणि ते अचूक असतं. ज्या बाईचे उपवास, वाऱ्या आणि सण तिथीने चालतात तिचं काळाचं भान शाबूत आहे, हे त्या उत्तराने सिद्ध झालं. हे उत्तर ग्राह्य धरायचं की नाही, हे मुलाखत सुरू होण्यापूर्वी नियमपुस्तिकेत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि मुलाखतकाराच्या पिशवीत तिथी दाखवणारं कॅलेंडर असलं पाहिजे. महिन्याचंही तसंच. ‘श्रावण’ हे उत्तर चूक धरणारी प्रश्नावली इंग्रजी कॅलेंडरची ओळख मोजते. ऋतू विचारताना उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे तीन पुरेत, आणि दोन ऋतूंच्या सांध्यावरच्या आठवड्यांत दोन्ही उत्तरं बरोबर मानावीत.

ठिकाणाच्या प्रश्नांत ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत?’ हा प्रश्न गिरगावच्या चाळीत चालेल, पण सिंधुदुर्गातल्या वाडीवर त्याला काही अर्थ नाही. तिथे वाडी, गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशी उतरंड घ्यावी. मात्र शहरासाठी एक आणि गावासाठी एक असे पर्याय ठेवले, तर दोन्हींची काठिण्यपातळी सारखी आहे का ते आकडेवारीने तपासावं लागतं.

लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द निवडताना घाई होते. ते तीन वेगवेगळ्या प्रकारांतले हवेत, उच्चाराला सोपे हवेत, एकमेकांशी यमक न जुळणारे हवेत, आणि त्या वस्तू समोर दिसत नसाव्यात. खोलीत खुर्ची असेल तर ‘खुर्ची’ हा शब्द आठवण्याची गरजच उरत नाही. मोठ्या अभ्यासांनाही शब्द बदलावे लागले आहेत. विकसनशील देशांतल्या स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या ‘१०/६६’ या गटाने दहा शब्दांची अमेरिकी यादी घेतली खरी, पण समुद्रकिनारा, केबिन, खांब, इंजिन अशा अर्थांचे चार शब्द काढून त्या जागी कोपरा, दगड, पुस्तक, काठी हे शब्द घातले. या गटाच्या नावातच त्यांचा मुद्दा आहे : जगातले ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहून कमी.

‘एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा’ हा प्रश्न जवळपास सगळ्या चाचण्यांत असतो. आपल्याकडे ‘प्राणी’ म्हटलं की शाळेतलं पुस्तक आठवतं आणि ‘जनावरं’ म्हटलं की गोठा. ज्याने ‘जनावरं’ ऐकलं तो गाय, म्हैस, बैल, शेळी सांगून थांबतो, पक्ष्या-माशांकडे वळतच नाही. कोणता शब्द वापरायचा, पक्षी आणि किडे धरायचे का, कोंबडी-कोंबडा-पिल्लू हे एक की तीन, हे आधी ठरवा आणि सगळ्या मुलाखतकारांना सारखं शिकवा.

चित्र काढण्याच्या प्रश्नावर मात्र तडजोड करू नये. आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेल्या माणसाला एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला लावले, तर त्याचा हात थरथरतो आणि आपण त्याच्या मेंदूला दोष देतो. नायजेरियातल्या इबादान इथे संशोधकांनी यासाठी काड्यापेटीच्या काड्या वापरल्या : समोर काड्यांची रचना मांडायची आणि तशीच करून दाखवायला सांगायचं. अवकाशाची जाण तपासली जाते आणि पेन्सिलीची भीती आड येत नाही. ही युक्ती आपण निःसंकोच घ्यावी.

भाषांतराची रूढ पद्धत अशी : दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, दोन्ही मसुदे जुळवून एक करायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याकडून त्याचं पुन्हा इंग्रजी करून घ्यायचं आणि तज्ज्ञांच्या समितीने सगळं तपासायचं. बहुतेक प्रबंध या उलट भाषांतरावर फार विसंबतात. शब्दाला शब्द ठेवून केलेलं, कुणालाच न कळणारं मराठी उलट भाषांतरात अगदी सुरेख जुळतं, कारण इंग्रजी त्याच्या खाली जसंच्या तसं असतं. खरी परीक्षा त्यानंतरच्या पायरीवर होते. तीस-चाळीस ज्येष्ठांना प्रत्येक प्रश्न विचारून झाल्यावर पुढे विचारा, ‘मी हे काय विचारलं असं तुम्हाला वाटलं? तुमच्या शब्दांत सांगा बरं.’ या चाळीसांत पुण्याच्या पेठेतले निवृत्त शिक्षकच भरले तर उपयोग नाही. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, कोकण इथली, शाळा न पाहिलेली माणसं त्यात हवीत. घरात अहिराणी बोलणाऱ्या आजोबांना पुस्तकी मराठीत प्रश्न विचारून कमी गुण देणं हा अन्याय आहे.

घरच्यांना विचारायचे प्रश्न

स्मृतिभ्रंश म्हणजे आधी असलेली क्षमता ओसरणं. एका दिवशी घेतलेली चाचणी आजची पातळी सांगते, घसरण सांगत नाही. म्हणून जवळच्या माणसाला विचारायच्या प्रश्नावल्या अत्यंत मोलाच्या आहेत, आणि शिक्षणाचा परिणामही त्यांच्यावर कमी होतो. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये तयार झालेल्या ‘आयक्यूकोड’मध्ये दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज ही व्यक्ती कशी आहे असं विचारतात. मूळ २६ प्रश्न, पुढे १६ प्रश्नांचं छोटं रूप निघालं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे २००५ मध्ये आलेल्या ‘एडी-८’ मध्ये आठच प्रश्न आहेत आणि दोन किंवा अधिक बदल आढळले तर पुढची तपासणी करावी असा संकेत आहे.

मात्र उत्तर देणारं माणूस कोण, यावर सगळं अवलंबून आहे. दिवसभर सासूबरोबर असते ती सून. पण तिचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं असेल तर दहा वर्षांपूर्वीची सासू तिला माहीतच नाही. मुलाला पूर्वीची आई माहीत आहे, पण तो सकाळी आठला बाहेर पडतो. अशा घरी दोघांना वेगवेगळं विचारावं आणि कोणाचं उत्तर गुणांसाठी धरायचं याचा नियम सर्व घरांना एकच ठेवावा. काळजी घेणारी व्यक्ती स्वतः खचलेली असेल तर तिला सगळंच वाईट दिसतं, याचीही नोंद हवी.

रोजच्या कामांविषयी विचारताना आणखी एक अडचण येते. १९६९ ची लॉटन यांची प्रसिद्ध सूची स्वयंपाक, कपडे धुणं, खरेदी, पैशांचा हिशेब, फोन असं विचारते. ज्या आजोबांनी जन्मात चहा केला नाही त्यांना स्वयंपाकात शून्य देऊन काय कळणार? आणि ज्या आजींच्या हाती घरातल्या पुरुषांनी पैसा येऊच दिला नाही, त्यांचा हिशेब कुणी मोजायचा? बल्लभगडच्याच प्रकल्पातून १९९९ मध्ये पुढे आलेली ‘एव्हरीडे अॅबिलिटीज स्केल फॉर इंडिया’ म्हणजे ‘ईझी’ ही सूची इथे उपयोगी पडते. गावात रस्ता चुकतात का, होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का, दिलेला निरोप पोचवतात का, गावातल्या लग्नकार्यावर किंवा घडामोडींवर नीट बोलतात का, असे तिचे प्रश्न आहेत. आपल्या म्हाताऱ्या माणसांचं घरातलं स्थान ओळखून ते घडवले आहेत. मराठीत आणताना होळीच्या जागी कुठे गणपती, कुठे पोळा, कुठे शिमगा येईल. मुस्लिम, ख्रिस्ती आणि बौद्ध घरांसाठी त्यांचे सण घ्यावेत.

घरच्यांच्या उत्तरांवर पूर्ण भरवसा ठेवणंही धोक्याचं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या समाजात विसरणं हा आजार वाटतच नाही, आणि म्हातारपणी माणसाकडून अपेक्षाच कमी असल्या की झालेली घसरण कुणाच्या लक्षात येत नाही. ‘१०/६६’ गटाने २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या आकड्यांत हे स्पष्ट दिसतं. अमेरिकी मानसोपचार संघटनेचे तेव्हाचे काटेकोर निकष लावले तर ग्रामीण भारतात प्रमाण अवघं ०.३ टक्के आलं, क्यूबात ६.३ टक्के. गटाने स्वतःच्या पद्धतीने निदान केलं तेव्हा आकडे कितीतरी वर गेले. ग्रामीण भारतात आजार नव्हता असं मुळीच नाही. घसरणीची आणि तिच्या परिणामांची खबर देणारं कुणी नव्हतं. म्हणून ज्येष्ठाची चाचणी आणि घरच्यांची मुलाखत, दोन्ही हवीत.

आपल्याकडे आशाताई घरोघर भरतात त्या ‘सीबॅक’ अर्जात साठीवरच्यांसाठी असा एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? त्याला ‘नाही’ उत्तर आलं म्हणून निश्चिंत राहू नये. पोटच्या मुलाचं नाव विसरण्याची वेळ येते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

ताडून कशाशी पाहायचं

प्रश्नावली बरोबर की चूक हे ठरवायला तिच्याबाहेरचं, तिच्याहून भक्कम असं निदान लागतं. सवड नाही, तज्ज्ञ नाहीत म्हणून अनेक प्रबंध एका प्रश्नावलीला दुसऱ्या प्रश्नावलीशीच ताडतात. दोन्हींवर शिक्षणाचा सारखाच परिणाम होत असेल तर त्या एकमेकींशी छान जुळतील आणि दोन्ही चुकतील. मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाने इतिहास ऐकून, तपासून, डीएसएम-५ सारख्या निकषांनुसार केलेलं निदान हवं. तीव्रतेसाठी ‘क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग’ घ्यावं. थायरॉइड आणि बी-१२ या रक्ततपासण्या झालेल्या असाव्यात. नैराश्य वेगळं पाहिलेलं असावं, कारण खिन्न म्हातारं माणूस ‘मला नाही आठवत’ असं सहज म्हणून जातं. आणि त्या डॉक्टरांना तुमच्या प्रश्नावलीचे गुण आधी कळता कामा नयेत, मुलाखतकारालाही निदान कळता कामा नये. दोन्ही गोष्टींत काही आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये.

प्रश्नावलीत नापास झालेल्यांनाच डॉक्टरांकडे पाठवण्याची चूकही सर्रास होते. मग पास झालेल्यांत किती रुग्ण निसटले हे कधीच कळत नाही. सगळ्यांना पाठवणं परवडत नसेल तर पास झालेल्यांतले काही जण चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांचीही पूर्ण तपासणी करून घ्या.

माणसं कशी निवडावीत याचा उत्तम नमुना ‘१०/६६’ गटाने २००३ मध्ये घालून दिला. २५ केंद्रांवर ६० वर्षांवरच्या २,८८५ जणांची तपासणी झाली आणि गट चार होते : स्मृतिभ्रंश असलेले, नैराश्य असलेले, धडधाकट आणि शिकलेले, धडधाकट पण न शिकलेले. एकाच प्रश्नावलीवर न थांबता त्यांनी ज्येष्ठाची चाचणी, घरच्यांची मुलाखत आणि मानसिक तपासणी एकत्र जोडली. या जोडणीने ९४ टक्के रुग्ण बरोबर ओळखले. शिकलेल्या निरोगींपैकी ३ टक्के आणि न शिकलेल्या निरोगींपैकी ६ टक्के चुकून संशयित ठरले, नैराश्याच्या गटात हा आकडा १५ टक्के होता. शिकलेल्या आणि न शिकलेल्यांमधलं अंतर इतकं कमी करता येतं, हे या अभ्यासाने दाखवलं. तुमच्या प्रबंधात एवढी केंद्रं नसतील, पण हे चार गट एका जिल्ह्यातही करता येतात. एका बाजूला रुग्णालयातले बरेच पुढे गेलेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला सकाळी बागेत चालायला येणारे पदवीधर, अशी तुलना केली तर कोणतीही प्रश्नावली चमकदार दिसते.

आकडे वाचताना

संवेदनशीलता म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले, आणि विशिष्टता म्हणजे निरोगी माणसांपैकी किती जणांना बरोबर निरोगी म्हटलं. समजा दोन्ही ९० टक्के आहेत. ऐकायला उत्तम. आता ही प्रश्नावली घेऊन वस्तीत १,००० ज्येष्ठांना विचारा, त्यांच्यातल्या ७० जणांना आजार आहे असं धरा. ७० पैकी ६३ सापडतील. उरलेल्या ९३० निरोगींपैकी १० टक्के, म्हणजे ९३ जण, चुकून सापडतील. एकूण १५६ जणांना तुम्ही ‘संशयित’ म्हणालात आणि त्यातल्या ६३ जणांनाच आजार आहे, म्हणजे दर पाचांत दोघांना. हीच प्रश्नावली स्मृती-चिकित्सालयात वापरली, जिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना आजार असतो, तर ‘संशयित’ ठरलेल्या दर दहांपैकी नऊ जण खरे रुग्ण निघतील. प्रश्नावली तीच, पण शिबिरातल्या शेऱ्याला आणि चिकित्सालयातल्या शेऱ्याला सारखं वजन देता येत नाही. म्हणून शिबिरात कुणालाही निदान सांगू नये. ‘एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ’ एवढंच सांगावं, आणि कोणत्या डॉक्टरांना, कुठे, कोणत्या वारी, हे हातात लिहून द्यावं.

नमुन्याचा आकारही लपवू नये. ३० रुग्णांपैकी २७ सापडले तर संवेदनशीलता ९० टक्के झाली, पण खरा आकडा साधारण ७४ ते ९८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. १०० पैकी ९० सापडले तर ही मर्यादा ८२ ते ९५ इतकी आवळते. सीमारेषा ज्या माणसांवर ठरवली त्यांच्यावरच तिचं यश मोजलं तर ते फुगलेलं येतं, म्हणून दुसऱ्या गटावर ती पुन्हा तपासावी. आणि सगळ्यांना मिळून एकच सीमारेषा देण्याऐवजी शिक्षणानुसार आकडे वेगळे द्यावेत. न शिकलेले, चौथीपर्यंतचे आणि त्यापुढचे, एवढे तीन गट तरी हवेतच.

विश्वसनीयतेचं थोडक्यात. दोन मुलाखतकारांचे गुण जुळतात का आणि काही दिवसांनी पुन्हा विचारलं तर तेच गुण येतात का, हे पाहावं. दुसऱ्या वेळी शब्द आठवणीत राहिलेले असतात, म्हणून शब्दांचे पर्यायी संच ठेवावेत. प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रोनबॅक अल्फा ०.९५ आला म्हणून आनंद मानू नये. त्याचा अर्थ बहुधा तेच ते प्रश्न पुन्हा विचारले गेलेत असा असतो.

समोर बसल्यावर

मुलाखत सकाळी, उजेडात, टीव्ही बंद करून घ्यावी. चष्मा लावला आहे का, कानाचं यंत्र चालू आहे का ते आधी पाहावं. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना चित्र दिसलं नाही तर तो गुण चुकलेला नाही, तो प्रश्न विचारलाच गेला नाही, अशी नोंद करावी. ‘परीक्षा’ हा शब्द काढू नये. ‘आजी, थोड्या गप्पा मारू, काही प्रश्न सोपे वाटतील, काही अवघड, सगळ्यांनाच अवघड जातात’ एवढं पुरतं. आपल्या घरांत चार माणसं भोवती गोळा होतात आणि ‘अगं सांग ना, मंगळवार नाही का!’ म्हणून मदत करतात. त्यांच्याशी बोलायला दुसरा सहकारी बरोबर असला तर त्यांचा मानही राहतो आणि ज्येष्ठाचं उत्तर त्याचंच राहतं. ‘मला काय करायचंय तारखेशी’ असं उत्तर आलं तर ते नकार म्हणून वेगळं लिहा, चूक म्हणून नको. आणि विचारताना ‘अहो काका’, ‘मावशी’ असा आदर सुटू देऊ नका. पोरासोरासारखं विचारलं की स्वाभिमानी म्हातारं माणूस उत्तर देणं थांबवतं, आणि त्याचे गुण जातात.

परवानगीकडे दुर्लक्ष नको. एमएमएसईचे हक्क एका अमेरिकी प्रकाशन संस्थेकडे आहेत, इतरही अनेक चाचण्यांना लेखी परवानगी लागते, काहींना मुलाखतकाराचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता हवी. ज्येष्ठाची स्वतःची संमती आधी घ्यावी. समज कमी झाली असेल तर घरच्यांची लेखी संमती घ्यावी, पण तरीही आजी मान हलवून नको म्हणाल्या तर उठून यावं.

आणि काम पूर्ण झाल्यावर तुमची मराठी प्रश्नावली, नियमपुस्तिका आणि शिक्षणानुसारचे आकडे हक्कधारकांच्या परवानगीने सर्वांसाठी खुले करा. न जमलेले प्रश्न आणि ते का टाकले हेही त्यात लिहा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेला प्रबंध पुढच्या विद्यार्थ्याला सापडत नाही, आणि तो पुन्हा २४ च्या रेषेपासून सुरुवात करतो.